अंग टाकायला जागा

बसमध्ये कोणी बसायचं आणि कोणी उभं राहायचं, हे कितीतरी वर्षं तिने ठरवलं. एखादा तरणाबांड पोरगा खिडकीशी झोपेचं सोंग घेऊन बसलाय आणि समोर पोटुशी बाई दांड्याला लोंबकळतेय, असं दिसलं की ती त्याच्या खांद्यावर तिकिटाच्या पेटीचा कोपरा टेकवायची आणि म्हणायची, "उठा महाराज, सकाळ झाली." पोरगा उठायचाच. तिच्याशी हुज्जत घालून कोणी जिंकल्याचं त्या मार्गावर ऐकिवात नव्हतं. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की ड्रायव्हर तर थांबायचाच, मागून येणारे सायकलवालेही थांबायचे. डेपोत तिचं नाव शिट्टी पडलं आणि पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. तिलाही ते आवडायचं.

दुखणं आलं ते हातांतून. सकाळी उठली की बोटं काठीसारखी ताठ. पेल्याची पकड सुटायची, पदराची पिन लागायची नाही. मग गुडघे, मग घोटे. डॉक्टर सज्जन होते, त्यांनी सरळ सांगितलं. "तुमच्या शरीराची फौज तुमच्याच सांध्यांना शत्रू समजून लढतेय. हे जाणार नाही, सांभाळायचं आहे."

"आणि हा थकवा?" तिने विचारलं.

"तोही त्यातलाच."

थकवा हा शब्द तिला तेव्हापासून खोटा वाटायला लागला. थकणं तिला ठाऊक होतं. दोन पाळ्या ओळीने करून ती थकली होती, आणि झोपून उठली की थकवा गेला होता. हे तसं नव्हतं. अंगातलं सगळं पाणी काढून त्या जागी कोणी ओली वाळू भरावी, तसं होतं. झोपून उठलं तरी वाळू तिथेच. मात्र दिवसातून दोनदा, एखादा तास, काही न करता आडवं पडलं तर ती वाळू थोडी खाली बसायची. बस्स, एवढंच मिळायचं. पण तेवढं मिळालं तर बाकीचा दिवस माणसासारखा जायचा.

आणि तेवढंच तिला कोणी देईना.

गोळ्यांनी तिचा चेहरा गोल आणि गुलाबी झाला. भेटेल तो म्हणायचा, "तब्येत सुधारली की." डेपोच्या साहेबांनी तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं आणि मोठे उपकार केल्यासारखं सांगितलं, "आता बसूनच तर काम आहे, बाई." ती म्हणाली, दुपारी तासभर विश्रांतीच्या खोलीत पडू द्या. त्या खोलीत ड्रायव्हर मंडळी ताणून द्यायची, ते चालायचं. साहेब म्हणाले, "तुम्ही झोपलेल्या दिसलात तर लोक काय म्हणतील? त्यातून तुम्ही तर धडधाकट दिसता." वर्षभर ती खिडकीत दात-ओठ खात बसली. एक दिवस प्रवाशाला वेळ सांगता सांगता तिची मान काउंटरवर टेकली ती उचलेचना. त्यानंतर तिने नोकरी सोडली. खरं म्हणजे नोकरीनेच तिला सोडलं, पण सोडल्याचा अर्ज तिच्याकडून लिहून घेतला.

घरी परतताना बस भरलेली होती. गुडघ्यांत आग पेटलेली. तिने समोरच्या मुलाला विचारलं, "बाळा, जरा बसू देतोस?" तो तिच्या गोल चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "काकू, तुम्ही तर ठणठणीत दिसताय." ती बसच्या फरशीवर बसली. कंडक्टर तिच्याच हाताखाली शिकलेला. तो वाकून हळूच म्हणाला, "शिट्टी, असं काय करतेस, लोक बघतायत."

त्या दिवशी तिला जो राग आला तो पुन्हा पुरता उतरलाच नाही.

घरात नवरा आणि नणंद. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून तो चाकांत चाकं अडकवत बसे, आणि बोलणं इतकं कमी की शब्दांनाही चावी द्यावी लागते की काय असं वाटे. त्याचा तिच्या दुखण्यावर पूर्ण विश्वास होता. संध्याकाळी गरम पाण्यात तिची बोटं धरून तो शेकायचा. पण थोरल्या बहिणीपुढे त्याच्या तोंडून अक्षर फुटायचं नाही, आणि शिट्टीला नणंदेपेक्षा त्याचाच जास्त राग यायचा.

नणंद काही दुष्ट नव्हती. तिच्याकडे फक्त उपायांचा साठा होता. "वहिनी, इतकं पडून राहिलं की अंग आणखी जड होतं," ती म्हणायची. "माझ्या जावेच्या भावाला असंच होत होतं. पहाटे उठून चालायला लागला, आता डोंगर चढतो."

"मग त्याला इकडे पाठवा, वन्सं. मला पाठुंगळीला घेऊन चढेल."

"तुमचं आपलं कायतरीच. मी मेली चांगलं सांगायला जाते." आणि मग भांडी घासताना, ऐकू जाईल अशा बेताने, "बरं आहे बाई एकेकाचं. दिवसभर आराम."

नवरा भिंग पुसत बसायचा.

दवाखान्यातले बाक ज्याने केले त्याला आजारी माणसांशी काहीतरी जुना हिशेब चुकवायचा असणार. प्रत्येक बैठकीनंतर एक लोखंडी हात. म्हणजे बसा, पण चुकूनही आडवे होऊ नका. एका सकाळी नंबर यायला उशीर होता, शिट्टीची मान लुळी पडत होती आणि ती त्या लोखंडी हाताकडे अशी बघत होती जणू तो तिच्या सासरचाच कोणी आहे. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"तो माझ्याकडचा हात ओढा, बाई. निघतो. मागच्या महिन्यात मीच ढिला केलाय."

माणूस काटकुळा होता, डोळ्यांखाली पिशव्या, दंडाला पट्टी. तिने हात ओढला. तो खरंच निघाला. त्या माणसाने तो आपल्या पिशवीत टाकला, सरकून टोकाला बसला आणि म्हणाला, "पडा आता. कोणी बोललं तर मी भांडतो. मला वेळ आहे, माझं रक्त धुवून झालंय."

तो फोटोवाला होता. गावातल्या निम्म्या लोकांचे फोटो त्याच्या स्टुडिओत निघाले होते. मूत्रपिंडं कामातून गेली, आठवड्यातून अनेकदा यंत्राला जोडून घ्यावं लागे, आणि बाकीचे दिवस त्यातून सावरण्यात जायचे. "दुसऱ्याला हसा म्हणायचं आणि आपण मटकन खाली बसायचं, हे धंद्याला बरं दिसत नाही," तो म्हणाला. "दुकान बंदच असतं. आत दिवाण आहे. तुम्हाला दुपारचं कुठे पडायचं असेल तर या. मी असलो तरी माझ्याशी बोलायची गरज नाही."

तिने नवऱ्याला सांगितलं. नणंदेला सांगितलं नाही, पण नणंदेला अशा गोष्टी वाऱ्यावर कळत. दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज वाढला. तिसऱ्या दिवशी शिट्टी गेली.

स्टुडिओ एका बोळाच्या तोंडाशी, कपडे धुवून इस्त्री करणाऱ्याच्या दुकानाला लागून, तळमजल्यावरच. आत उंच छताची लांबलचक खोली, मागच्या अर्ध्या भागाला वरून काचेचा उजेड. भिंतीला रंगवलेले पडदे गुंडाळून टांगलेले: एकावर धबधबा, एकावर बाग, एकावर संगमरवरी जिना, जो वर जाऊन कुठेच पोचत नव्हता. मागे फोटो धुवायची अंधारखोली. आणि तो दिवाण, ज्यावर गावातली किती बाळं पालथी घालून फोटो काढले असतील देव जाणे. शिट्टी त्यावर उताणी पडली. फोटोवाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला चटईवर पडून भिंतीकडे तोंड करून होता. कोणी विचारलं नाही, कोणी काही सुचवलं नाही, स्वयंपाकघरातून कोणी भांडं आपटलं नाही. तिचं तिलाच कळलं नाही आणि डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. तेही कोणी विचारलं नाही.

मग माणसं जमत गेली. दवाखान्याच्या बाकावर एकमेकांना हेरायचं, एवढंच. गणिताच्या बाई आल्या. फुप्फुसं निकामी होत चालली म्हणून त्यांना शाळा लवकर सोडावी लागली होती. नाकात नळी, मागून चाकांवरचं हवेचं नळकांडं, त्याला त्या शेपूट म्हणायच्या. शिंपीण आली. तिचं डोकं दुखायचं. पण 'डोकं दुखायचं' म्हटलं की लोकांना गोळी आठवते. तिचं दुखायला लागलं की दोन-दोन दिवस उजेडाची तिरीपसुद्धा सुरीसारखी घुसायची, ओकाऱ्या व्हायच्या, एका बाजूचं दिसेनासं व्हायचं. घरात खोली एकच, पोरं, दूरचित्रवाणी, दिवा. फोटोवाल्याने तिला अंधारखोलीत नेऊन दार लावलं. बाहेर आली तेव्हा ती म्हणाली, "इतका चांगला अंधार मी आयुष्यात बघितला नव्हता." अधूनमधून इतरही येऊन पडून जायचे. कोणीतरी खाटा आणल्या, कोणी गाद्या.

फोटोवाल्याचे नियम तीन. "आता बरं वाटतंय का, हे विचारायचं नाही. माझ्या ओळखीत एकाला, असं वाक्य सुरू करायचं नाही. आणि फुकटची हिंमत बाहेर चपलांपाशी ठेवून यायची."

रंगांचं काम निघालं ते छतामुळे. पडून पडून माणूस शेवटी छतच बघतो, आणि त्या छतावर ओलीचा एक मोठा किळसवाणा डाग होता. फोटोवाला एके दिवशी चिडून म्हणाला, "जन्मभर उभ्या माणसांच्या मागे पडदे टांगले. पडलेल्याला मात्र हा डाग." त्यांनी संगमरवरी जिन्याचा पडदा उतरवला, पालथा करून जमिनीवर पसरला, मागच्या बाजूला पांढरा हात दिला आणि जो पडदा छताला टांगायचा आहे तो पडल्या पडल्याच रंगवायला घेतला. शिट्टीच्या बोटांत ब्रश राहत नव्हता, मग मनगटाला पट्टीने बांधला. एखाद्या दिवशी तळहाताएवढा भाग व्हायचा, एखाद्या आठवड्यात काहीच नाही. कोणी घाई केली नाही. तिने एक बस काढली. बसमध्ये बाकं नव्हती, सगळ्या खाटा. प्रवासी आपापल्या खाटेवर आडवे, कोणाचं तोंड उघडं, कोणाचा पाय बाहेर, आणि कंडक्टर सगळ्यांत पुढे, पेटी उशाला घेऊन झोपलेली. आपल्याला चित्र काढता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. खरं तर फारसं येतही नव्हतं. पण त्या झोपलेल्या माणसांकडे बघून झोप यायची, एवढं नक्की.

शिंपिणीने दुसरा पडदा केला. चिंध्यांची अक्षरं कापून शिवली, आणि मजकूर सगळ्यांनी पुरवला. *जरा फिरायला जात जा. मनावर घेऊ नका. दिसत तर नाही तसं. सगळं डोक्यात असतं. आमच्या मेहुण्यालाही हेच होतं, तो आता ठणठणीत आहे. बरं आहे बाई, दिवसभर आराम.* गणिताच्या बाई खाटेवरून शुद्धलेखन तपासायच्या आणि ओळींमधल्या अंतरावरून शिंपिणीशी वाद घालायच्या. तो पडदा दिवाणाच्या वर टांगला त्या दुपारी सगळे खाली पडून एकेक ओळ मोठ्याने वाचत इतके हसले की गणिताच्या बाईंना श्वास लागला आणि नळकांड्याची चावी वाढवावी लागली.

फोटोवाला त्या हिवाळ्यात गेला. यंत्रावर असतानाच, सकाळी, नर्सशी काहीतरी चेष्टा करता करता.

स्टुडिओ धाकट्या भावाकडे आला. त्याचं हमरस्त्यावर टायरचं दुकान होतं, माणूस कामसू, थोडा भाबडा. दादाच्या नावाने काही चांगलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि चांगलं कसं करतात हे त्याने कोणाला तरी विचारलं. त्यातून एक सेवाभावी संस्था आली आणि संस्थेच्या मॅडम आल्या. मॅडमच्या चेहऱ्यावर सतत असं हसू की आत्ताच कोणाला तरी बक्षीस देऊन आल्यात. पंधरवड्यात भिंती पिवळ्या झाल्या. खाटा आणि गाद्या मागच्या अंगणात पत्र्याखाली गेल्या, त्या जागी प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्या. अंधारखोलीची भिंत फोडून खिडकी काढली आणि तिथे कार्यालय झालं. दारावर पाटी लागली: उभारी. सकाळी हास्यव्यायाम, मग सकारात्मक विचार, मग हस्तकला, आणि हजेरी.

शिंपिणीचा पडदा उतरवला गेला. मॅडम म्हणाल्या, नकारात्मक आहे. बसचा पडदा छतावरून काढून भिंतीवर उभा लावला, आणि उभा लावल्यावर ती झोपलेली माणसं खिळ्याला टांगल्यासारखी दिसायला लागली.

"मॅडम, खाटा कुठे?" शिट्टीने विचारलं.

"पडून राहिलं की माणूस खचतो, ताई. आपल्याला तुम्हाला उभं करायचंय."

"आम्ही उभ्याच येतो की. घरापासून इथवर. इथे आल्यावर पडायचं असतं."

"किती छान बोलता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "कार्यक्रमात बोला ना दोन शब्द."

शिट्टी टायरच्या दुकानात गेली. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मोठी माणसं आहेत, त्यांना कळतं यातलं." तिने घरी येऊन नवऱ्यापुढे आग ओकली. नवऱ्याने चहा केला. शिंपीण म्हणाली, "जाऊ दे ना. निदान छप्पर आहे. हळूहळू सांगू त्यांना." तिला त्या दिवसांत अंधार नव्हता, ती खुर्चीत डोळ्यांवर हात धरून बसायची, आणि तरी तीच समजूत घालत होती. शिट्टीला वाटायचं, आजारी माणसाला पहिली गोष्ट कोणती शिकवतात, तर मिळेल त्यात भागवायला.

मग उद्घाटनाचा कार्यक्रम आला. नवी चादर घातलेलं टेबल, ध्वनिक्षेपक, पाहुणे. पाहुण्यांना यायला उशीर, आणि तोपर्यंत 'उभारीच्या सदस्यांनी' दाराशी फुलांचे गुच्छ घेऊन रांगेत उभं राहायचं. घरच्यांनाही बोलावलं होतं. शिट्टीचा नवरा मागच्या रांगेत होता, शेजारी नणंद, चांगलं लुगडं नेसून. फोटोसाठी आलेला माणूस गणिताच्या बाईंकडे बघून मॅडमच्या कानाशी लागला. मॅडम जवळ आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बाई, ती नळी एक मिनिट काढता का? फोटोत बरं दिसत नाही."

गणिताच्या बाईंनी जन्मभर पोरांना शिस्त लावली होती. भर कार्यक्रमात नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी नळी काढून पदराखाली धरली. फोटो निघाला. आणखी एक निघाला. मग पाहुणे आले आणि थेट बोलायलाच लागले, रांग उभीच, आणि नळी परत लावा असं सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. पाहुणे इच्छाशक्तीवर बोलत होते. मनात आणलं तर माणूस काय करू शकत नाही, असं काहीतरी. शिट्टीने शेजारी बघितलं. बाईंचे ओठ जांभळे पडत होते आणि चेहऱ्यावर ते सभेतलं हसू तसंच होतं.

शिट्टीने गुच्छ टाकला, पदराखालून नळी ओढून बाईंच्या नाकाला लावली, तिच्या बोटांना चावी फिरेना तेव्हा दातांनी फिरवली. बाई तिच्या अंगावर कलंडल्या. तिने त्यांना झोपवायला म्हणून इकडे तिकडे पाहिलं. सगळीकडे खुर्च्या. एवढ्या मोठ्या खोलीत, आजारी माणसांच्या नावाने रंगवलेल्या, एका बाईला आडवं करायला हातभर जागा नव्हती. तिने त्यांना फरशीवर घेतलं, डोकं मांडीवर, आणि पाहुणे अजून बोलतच होते, कारण त्यांना वाटलं कोणीतरी काहीतरी सांभाळतंय.

"साहेब," शिट्टी म्हणाली. ध्वनिक्षेपकाची तिला कधीच गरज नव्हती. पाहुण्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. "इच्छाशक्ती हिच्याकडे तुमच्याहून जास्त आहे. हवा कमी आहे."

मॅडम पुढे आल्या, "ताई, शांत..."

"मी शांतच बसलेय. किती वर्षं. बसच्या फरशीवर बसलेय, खिडकीत बसलेय, घरात बसलेय. मी आजारी दिसत नाही म्हणून मला कोणी झोपू देत नाही, आणि हिची नळी दिसते म्हणून ती तुम्हाला काढायची आहे. म्हणजे आम्ही दिसावं तरी कसं? ही जागा एका माणसाने आम्हाला दिली. त्याने आम्हाला उभं केलं नाही, हसवलं नाही, हजेरी घेतली नाही. पडा म्हणाला. आम्ही पडलो आणि पडून जे सुचलं ते केलं. त्या माणसाने आमचा एक फोटो काढला नाही, आणि तो फोटोवाला होता."

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिचा नवरा उठला होता. तो मागच्या दाराने अंगणात गेला आणि पत्र्याखालची एक खाट ओढत आत आला. मधल्या वाटेने खाट येईना, तेव्हा तो खुर्च्या बाजूला ढकलत आला, आणि खुर्च्यांवरच्या माणसांना उठावं लागलं. टेबलापाशी आल्यावर पाहुणे वाटेत होते.

"सरका जरा," तो म्हणाला. "माझी बायको आजारी आहे. तिच्या मैत्रिणीही आजारी आहेत. त्यांना जागा पाहिजे."

त्याच्या बहिणीने तोंडावर पदर धरला. पाहुणे सरकले.

त्यानंतर सगळं चांगलं झालं असं नाही. गणिताच्या बाईंना दवाखान्यात हलवलं, त्या तिथे बरेच दिवस होत्या. संस्था अपमान झाला म्हणून निघून गेली, खुर्च्या घेऊन गेली, शिंपिणीचा पडदाही त्यांच्या सामानात कुठे गेला तो गेलाच. धाकट्या भावाने स्टुडिओला कुलूप घातलं. चार लोकांत त्याचीही नाचक्की झाली होती. आणि शिंपीण शिट्टीच्या दारात येऊन उभी राहिली, डोळे सुजलेले.

"तुला बोलायचं होतं, तू बोललीस. सगळे म्हणतात काय बोलली. माझ्या अंधाराचं काय?"

शिट्टीला शिंपिणीचा राग आला, मग स्वतःचा. मग नवऱ्याचा. त्या संध्याकाळी तिने त्याला विचारलं, "त्या दिवशी तोंड उघडलंत. मग इतकी वर्षं का नाही?" तो म्हणाला, "माहीत नाही." खोटं बोलला असता तर बरं, असं तिला वाटलं. तिने त्याच्याशी अबोला धरला. तरी संध्याकाळी तो गरम पाणी आणायचा आणि ती हात पुढे करायची, न बोलता.

एका दुपारी ती चटई काखेत मारून टायरच्या दुकानात गेली, टायरांच्या दोन थप्प्यांच्या मध्ये ती अंथरली आणि पडली.

"हे काय, ताई?" धाकटा भाऊ म्हणाला. "धरणं धरताय का?"

"नाही. मला दुपारी आडवं व्हावं लागतं. तुमच्या भावाची जागा बंद आहे, म्हणून तुमच्या दुकानात."

"गिऱ्हाइकं येतात."

"येऊ देत. मी कोणाला अडवत नाही. वळसा घालून जातील."

ती रोज जायला लागली. गिऱ्हाइकं विचारायची, बाईला काय झालंय, आणि ती झोपल्या झोपल्या अगदी तपशिलात सांगायची, सांधे, फौज, वाळू, सगळं. भाऊ कपाळाला हात लावून बसायचा. काही दिवसांनी शिंपीण आली. शिट्टीशी ती अजून बोलत नव्हती. तिने डोळ्यांवर काळं फडकं बांधलं आणि पलीकडच्या थप्पीला पाठ लावून पडली. रबराचा वास डोकेदुखीला सोसणारा नव्हताच. तिला उलटी झाली ती एका नव्याकोऱ्या टायरात.

भाऊ बादली घेऊन आला. त्याने टायर धुतला, शिंपिणीला पाणी दिलं, आणि मग दुकानाच्या पायरीवर बसून तो एकदम बोलायला लागला. "दादा तिकडे दिवसभर काय करायचा मला कधी कळलं नाही. मी रोज विचारायचो, आज बरं वाटतंय का. तो दुसरीकडे बघायचा. मला वाटायचं माझ्यावर रागावलाय."

"रागावलाच होता," शिट्टी म्हणाली. "तुमच्यावर नाही. त्या प्रश्नावर."

पूर्ण जागा त्याने दिली नाही. पुढचा अर्धा भाग तोवर इस्त्रीवाल्याला देऊन बसला होता आणि शब्द फिरवायला तयार नव्हता. मागचा, वरून उजेड येणारा भाग त्याने उघडून दिला, आणि फोडलेली खिडकी गवंडी लावून बुजवून दिली. शिंपीण आत गेली, दार लावून घेतलं, आणि बाहेर आल्यावर शिट्टीला म्हणाली, "खाली एक फट राहिलीये. त्याला सांग." इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेली ती पहिली गोष्ट. हरवलेला पडदा परत शिवायला मात्र तिने नकार दिला. ते एकदा झालं, म्हणाली. गणिताच्या बाई आता मोठं नळकांडं घेऊन क्वचित येतात, आल्या की फार बोलत नाहीत. भिंतीपलीकडून इस्त्रीची वाफ येते आणि उन्हाळ्यात खोली भट्टी होते. तरी खाटा भरलेल्या असतात. बसचा पडदा पुन्हा छताला गेलाय, आणि जमिनीवर एक नवा पडदा रंगवायला घेतलाय. नणंद एकदा डबा घेऊन आली होती. दारात थांबून तिने तोंड उघडलं, आत पडलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि डबा ठेवून गेली.

मध्यंतरी एका वर्तमानपत्राचा माणूस आला. शिट्टी त्याला म्हणाली, "प्रश्न विचारायचे नाहीत. बघायचं असेल तर खाली पडून बघा." तो पडला. वरच्या बसकडे बघता बघता त्याला झोप लागली आणि तो चक्क घोरायला लागला. तो आवाज ऐकून शिंपीण तोंडात पदर कोंबून हसली. कोणी त्याला उठवलं नाही. जाताना तो ओशाळून म्हणाला, किती दिवसांनी असा झोपलो. शिट्टीला वाटलं, याला कळलं.

त्या आठवड्यात छापून आलं. मथळा होता: आजारावर मात करणाऱ्या जिद्दी महिला.

शिट्टीने तो वाचला, घडी करून खाटेखाली सरकवला, आणि शिंपिणीला म्हणाली, "बांध." शिंपिणीने तिच्या मनगटाला ब्रश बांधला. नव्या पडद्याचा एक कोपरा पांढरा होता. त्यावर ती लाल रंग देत राहिली, मनगट चाललं तोवर. मग पट्टी सोडून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.